हान्स पीटर लून : अंकाला साक्षीस उभे करणारा कारागीर

थोर पुरुषांची चरित्रे म्हटली म्हणजे रणांगणी विजय मिळविणारे सेनापती, देशोदेशी फिरून सुवार्ता सांगणारे साधुपुरुष, अथवा आकाशातील ग्रहांच्या गती मोजणारे ज्योतिर्विद ह्यांचीच नावे प्रथम आपणापुढे येतात. आणि तसे होणे योग्यही आहे. परंतु ज्यांच्या बुद्धीचा उपयोग आपण दिवसातून दहा वेळा करितो, असेही काही पुरुष होऊन गेले की, त्यांच्या व्यवसायाबाहेर त्यांचे नाव फारसे कोणी घेत नाही. ह्या अंकी अशाच एका पुरुषाचा परिचय आमच्या विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस करून देण्याचे आम्ही योजिले आहे. संगणकशास्त्राच्या अभ्यासकांमध्ये हान्स पीटर लून हे नाव मोठ्या आदराने घेतले जाते. पालकांच्या खिशातील बँकेचे कार्ड व हातातील मोबाईल फोन ह्या दोहोंवरील क्रमांकांच्या शेवटल्या अंकात त्यांची युक्ती बसलेली आहे. आणि संगणकात येणारी फाईल खरी की खोटी हे आज ज्या खुणेने ओळखितात, त्या खुणेचा मूळ विचारही ज्या थोड्या लोकांनी प्रथम केला त्यांत लून हे अग्रभागी होते.

लून ह्यांचा जन्म १ जुलै १८९६ रोजी जर्मनी देशात बार्मेन ह्या गावी झाला. हे गाव पुढे शेजारच्या गावांत मिळविले जाऊन आज वुपर्टाल ह्या शहराचा भाग झाले आहे. त्या काळी तेथे कापड व फिती विणण्याचे कारखाने मोठ्या प्रमाणावर चालत. आफ्रिका व सुमात्रा येथे उपदेशक पाठविणाऱ्या र्‍हेनिश मिशनचे मुख्य ठाणेही ह्याच गावी होते. अशा उद्योगी व श्रद्धाळू गावात लून ह्यांचे बालपण गेले. त्यांचे वडील निष्णात मुद्रक होते. मुलानेही हाच धंदा पुढे चालवावा, अशी घरच्यांची इच्छा असल्यामुळे शाळेतील शिक्षण संपताच त्यांस मुद्रणकला शिकण्याकरिता स्वित्झर्लंडमध्ये पाठविण्यात आले.

मुद्रणाच्या कामात एक विशेष आहे. खिळे जुळविणाऱ्यास प्रत्येक अक्षर वेगळे हाताळावे लागते. एक खिळा जरी उलटसुलट पडला तरी सर्व ओळ बिघडते, आणि ती चूक हजारो प्रतींत उमटते. अक्षर व अंक ह्या अत्यंत क्षुद्र वस्तू असूनही त्यांच्या क्रमावर सर्व अर्थ अवलंबून असतो, हा धडा लून ह्यांस छापखान्याहून अधिक चांगल्या रीतीने दुसरी कोणती शाळा देऊ शकली असती, असे आम्हास वाटत नाही.

परंतु घरचा छापखाना चालविण्याचा योग त्यांच्या नशिबी नव्हता. १९१४ मध्ये पहिले महायुद्ध पेटले व लून ह्यांस जर्मन सैन्यात जावे लागले. तेथे त्यांजकडे संदेशवहन खात्यातील अधिकाऱ्याचे काम होते. युद्धानंतर त्यांनी मुद्रणाचा धंदा सोडून कापडाच्या व्यवसायात प्रवेश केला, आणि त्याच निमित्ताने ते अमेरिकेस गेले. पराभूत देशातून आलेल्या परकीय तरुणास नव्या देशात बस्तान बसविणे सोपे नसते. लून ह्यांस त्या कामी त्यांची कल्पक बुद्धीच उपयोगी पडली.

१९२७ च्या सुमारास त्यांनी कापडातील धागे मोजण्याचे एक लहानसे साधन तयार केले. आपल्या नावावरूनच त्यांनी त्यास लूनोमीटर असे नाव दिले. कापडाचा कस ठरविताना दर इंचात किती धागे आहेत हे पाहावे लागते. पूर्वी हे काम भिंग डोळ्याला लावून एकेक धागा मोजून करावे लागे. त्यात वेळ जाई, डोळे शिणत आणि मोजणीही चुके. लून ह्यांच्या साधनात पारदर्शक पट्टीवर बारीक रेषा आखलेल्या असून त्यांमधील अंतर क्रमाक्रमाने बदलत जाते. ही पट्टी कापडावर ठेविली म्हणजे पट्टीच्या रेषा व कापडाचे धागे ह्यांच्या संयोगाने छायेची एक आकृती उमटते, आणि ती जेथे जुळते तेथील आकडा वाचताच धाग्यांची संख्या समजते. हे साधन त्यांच्या मृत्यूनंतरही बाजारात विकले जात राहिले.

वाचकांनी येथे क्षणभर थांबून ह्या युक्तीचे मर्म ध्यानी घ्यावे. सर्व वस्तू धाग्याधाग्याने न तपासता, त्या वस्तूपासूनच निघणारी एक लहानशी खूण पाहून तिची परीक्षा करणे, हे ते मर्म होय. पुढे लून ह्यांनी हाच विचार कापडावरून काढून अंकांस लावला, आणि त्यातच त्यांची खरी कीर्ती आहे.

ह्यानंतरच्या सुमारे पंधरा वर्षांत त्यांनी स्वतंत्र सल्लागार म्हणून काम केले व नाना प्रकारच्या शोधांची एकस्वे मिळविली. घडी घालून ठेविता येणाऱ्या पावसाळी अंगरख्यापासून खेळाच्या मेजापर्यंत अनेक वस्तूंवर त्यांनी आपली बुद्धी चालविली. सर्व आयुष्यात त्यांच्या नावे ऐंशीहून अधिक एकस्वे नोंदली गेली. १९४१ मध्ये आय.बी.एम. ह्या अमेरिकेतील प्रसिद्ध कंपनीने त्यांस संशोधक अभियंता म्हणून आपल्याकडे घेतले, आणि पंचेचाळिसाव्या वर्षी त्यांच्या आयुष्याचा मुख्य भाग सुरू झाला. त्या वयात पुष्कळ लोक नवीन शिकणे सोडून देतात, हे लक्षात घेतले म्हणजे ह्या गोष्टीचे महत्त्व अधिक पटते.

त्या काळी माहिती साठविण्याकरिता भोके पाडलेली जाड कागदाची कार्डे वापरीत. एकेका कार्डावर एकेक नोंद असे, आणि यंत्र त्या भोकांवरून नोंद वाची. १९४७ च्या सुमारास जेम्स पेरी व माल्कम डायसन ह्या दोन रसायनशास्त्रज्ञांनी कंपनीपुढे आपली अडचण मांडली. रासायनिक संयुगांची संख्या भराभर वाढत होती. सांकेतिक अंकाक्षरांनी नोंदलेल्या त्या ढिगातून हवे ते संयुग यंत्राने शोधून काढावे कसे, हा प्रश्न होता. तो लून ह्यांच्याकडे सोपविण्यात आला, व त्यांनी त्याकरिता एक शोधक यंत्र तयार करून दाखविले. मुद्रकाचा मुलगा येथून ग्रंथ व लेख ह्यांच्या शोधशास्त्राकडे वळला तो अखेरपर्यंत.

जानेवारी १९५३ मध्ये लून ह्यांनी कंपनीतील सहकाऱ्यांकरिता एक टिपण लिहिले. ते छापून प्रसिद्ध करण्याकरिता नव्हते. परंतु त्यातील विचारामुळे त्यांचे नाव संगणकाच्या इतिहासात कायमचे राहिले आहे. तो विचार आम्ही शाळेतील उदाहरणाने सांगतो.

समजा, आमच्या ग्रंथालयात हजारो पुस्तके आहेत व प्रत्येकास एक मोठा क्रमांक आहे. ४८२१३ क्रमांकाचे पुस्तक हवे असता पहिल्यापासून एकेक पुस्तक पाहत गेल्यास मधली सुटी संपून जाईल. त्याऐवजी आपण ९७ कप्पे करू, व त्यांस शून्यापासून ९६ पर्यंत आकडे देऊ. पुस्तक ठेविताना त्याच्या क्रमांकास ९७ ने भागावे व जी बाकी उरेल त्या आकड्याच्या कप्प्यात ते ठेवावे. ४८२१३ ला ९७ ने भागिले असता बाकी ४ उरते. म्हणून ते चौथ्या आकड्याच्या कप्प्यात गेले. आता पुस्तक शोधणाऱ्यासही तोच भागाकार करावयाचा आहे. बाकी काढली की कप्पा सापडला, आणि त्या एका कप्प्यातील मोजकी पुस्तके तेवढी पाहावयाची राहिली. वस्तू कोठे ठेविली आहे हे दुसऱ्या कोणास विचारावे लागत नाही. तिचा क्रमांकच ते सांगतो.

भागाकाराने बाकी काढण्याची ही विशिष्ट रीत आर्नोल्ड ड्युमी ह्यांनी १९५६ मध्ये छापून प्रसिद्ध केली. परंतु क्रमांकावर काही गणित करून त्यापासून लहान आकडा काढावा, त्या आकड्याच्या कप्प्यात नोंद ठेवावी, आणि दोन नोंदी एकाच कप्प्यात आल्यास त्या साखळीप्रमाणे एकमेकींस जोडाव्यात, हा विचार लून ह्यांच्या टिपणात त्याच्या आधीच आलेला होता. पुढे ह्या रीतीस हॅश असे नाव पडले. इंग्रजीत हा शब्द मूळचा स्वयंपाकघरातील असून, मांस व भाज्या बारीक चिरून एकत्र कालविलेल्या पदार्थास तो लावितात. मूळ क्रमांक चिरून, कालवून त्याचा आटोपशीर आकडा करावयाचा असल्यामुळे हे नाव त्यास शोभते.

लून ह्यांची दुसरी प्रसिद्ध युक्ती अंक तपासण्याची होय. मोठा क्रमांक हाताने लिहिताना एखादा अंक चुकतो, किंवा शेजारचे दोन अंक एकमेकांच्या जागी पडतात, हा आपणा सर्वांचा अनुभव आहे. लून ह्यांनी असे ठरविले की, क्रमांकाच्या शेवटी त्याच क्रमांकापासून गणिताने काढलेला एक जादा अंक जोडावा, म्हणजे तो क्रमांक स्वतःच स्वतःचा साक्षीदार होईल. ह्यासाठी हातात धरून वापरण्याच्या एका लहान यंत्राच्या एकस्वाकरिता त्यांनी जानेवारी १९५४ मध्ये अर्ज केला, व २३ ऑगस्ट १९६० रोजी ते एकस्व त्यांच्या कंपनीच्या नावे मंजूर झाले.

ती रीत पाचव्या इयत्तेतील मुलासही करिता येईल. ४७१५८ हा क्रमांक घ्या. उजवीकडून आरंभ करून एकाआड एक अंक दुप्पट करावयाचा. दुप्पट करून दोन अंकी संख्या आल्यास तिच्या दोन अंकांची बेरीज घ्यावयाची. आठाची दुप्पट सोळा, म्हणून एक आणि सहा मिळून सात. पाच तसाच राहिला. एकाची दुप्पट दोन. सात तसाच. चाराची दुप्पट आठ. सात, पाच, दोन, सात व आठ ह्यांची बेरीज २९ झाली. हिला पूर्ण दहाच्या पटीत नेण्यास एक कमी पडतो. म्हणून साक्षीचा अंक एक, व पूर्ण क्रमांक ४७१५८१. आता कोणी घाईने पाच व आठ ह्यांची अदलाबदल करून ४७१८५१ असे लिहिले, तर तपासणाऱ्याची बेरीज २७ येईल. ती दहाच्या पटीत नाही, तेव्हा चूक तेथल्या तेथे पकडली गेली. कोणताही एक अंक चुकल्यास ही रीत ती चूक हटकून दाखविते. शेजारच्या दोन अंकांची अदलाबदलही, शून्य आणि नऊ ह्यांची जोडी वगळता, तिच्या नजरेतून सुटत नाही.

आज बँकांच्या क्रेडिट व डेबिट कार्डांवरील क्रमांकांचा शेवटचा अंक ह्याच रीतीने काढलेला असतो. मोबाईल फोनच्या खोक्यावर पंधरा अंकी ओळखक्रमांक छापलेला असतो, त्याचा पंधरावा अंकही तसाच. विद्यार्थ्यांनी घरी वडीलधाऱ्यांच्या परवानगीने त्या खोक्यावरील क्रमांकाची बेरीज करून पाहावी. ती दहाच्या पटीत आलीच पाहिजे. कार्डाचे क्रमांक मात्र कोणाच्या वहीत उतरून घेऊ नयेत, हे सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

लून ह्यांचे लक्ष अखेरच्या वर्षांत ग्रंथ व शास्त्रीय लेख ह्यांच्या अफाट राशीकडे होते. १९५८ मध्ये त्यांनी यंत्राकडून लेखाचा सारांश काढण्याची पद्धत प्रसिद्ध केली. लेखात कोणते शब्द किती वेळा येतात हे यंत्राने मोजावे. अतिसामान्य व अतिविरळ शब्द सोडून द्यावेत. आणि मधले महत्त्वाचे शब्द ज्या वाक्यांत दाटीने आले असतील ती वाक्ये निवडून काढावीत, अशी ती पद्धत होती. लेखांच्या शीर्षकांतील प्रत्येक महत्त्वाचा शब्द वर्णक्रमाने लावून सूची करण्याची त्यांची रीतही अनेक ग्रंथालयांनी व शास्त्रीय संस्थांनी उचलली. १९६१ मध्ये ते कंपनीतून निवृत्त झाले. १९६४ मध्ये अमेरिकन डॉक्युमेंटेशन इन्स्टिट्यूट ह्या संस्थेचे अध्यक्षपद त्यांजकडे आले. परंतु त्याच वर्षी १९ ऑगस्ट रोजी, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, न्यूयॉर्क संस्थानातील आरमाँक येथे त्यांनी देह ठेविला.

त्यांची जीवनयात्रा संपली तरी त्यांच्या विचाराची संपली नाही, आणि त्या पुढल्या प्रवासाची हकीकत सांगितल्यावाचून हे चरित्र अपुरे राहील.

लून ह्यांचा साक्षीचा अंक नजरचुकीपासून रक्षण करितो, लबाडीपासून नव्हे. ज्यास फसवावयाचे आहे तो मनुष्य खोटा क्रमांक तयार करून त्यास योग्य तो शेवटचा अंक आपणच गणिताने जोडील. विसराळू कारकुनास पकडणारा हा पहारेकरी कसलेल्या चोरापुढे निरुपाय होतो. लून ह्यांच्या काळी एवढ्याने भागत असे. पुढे संगणक एकमेकांस तारांनी जोडले गेले, एका देशात तयार केलेले सॉफ्टवेअर दुसऱ्या देशात क्षणात पोहोचू लागले, आणि तेव्हा लबाडाचा प्रश्न उभा राहिला. फाईलचे नाव तेच, आकारही तोच, पण आत कोणी विष कालविले असेल तर ते ओळखावे कसे?

पवित्र शास्त्रातील इसहाकाची गोष्ट आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. दृष्टी मंद झालेल्या त्या वृद्ध पित्याने पुढे आलेल्या पुत्राचे हात चाचपून पाहिले. करडांची कातडी बांधलेले ते हात केसाळ लागले, म्हणून आवाज याकोबाचा असताही त्याने त्यास एसाव समजून आशीर्वाद दिला. बाहेरचे आवरण उसने आणिता येते, ही ह्या कथेतील एक शिकवण आहे. फाईलचे नाव व तिचा आकार ही अशीच उसनी कातडी होत. तेव्हा खूण अशी पाहिजे की जी वस्तूच्या अंतर्यामातून निघेल आणि दुसऱ्या कोणास पांघरता येणार नाही.

अशी खूण करण्याचा मार्ग गणितज्ञांनी शोधून काढिला. १९७६ मध्ये व्हिटफील्ड डिफी व मार्टिन हेलमन ह्यांनी, आणि १९७९ मध्ये राल्फ मर्कल ह्यांनी, एकाच दिशेने चालणाऱ्या गणिताचे महत्त्व दाखविले. दळलेल्या पिठापासून मूळचा दाणा परत करिता येत नाही, तसे हे गणित आहे. फाईलमधील प्रत्येक अंक त्यातून दळून काढितात, व शेवटी ठराविक लांबीची एक खूण हाती येते. १९९२ मध्ये रोनाल्ड रिव्हेस्ट ह्यांनी एमडी-५ नावाची रीत प्रसिद्ध केली. २००१ मध्ये अमेरिकेच्या प्रमाणसंस्थेने शा-२५६ ही अधिक बळकट रीत पुढे आणिली. हिच्यात फाईल एका ओळीची असो की सबंध ग्रंथालयाएवढी असो, खूण नेहमी ६४ चिन्हांचीच होते. फाईलमध्ये एक स्वल्पविराम बदलला तरी सर्व खूण पालटून जाते. अशा किती निरनिराळ्या खुणा संभवतात ती संख्या लिहावयाची झाल्यास ७८ अंक मांडावे लागतील. त्यामुळे दोन भिन्न फाईलींची खूण आपोआप एकच येण्याचे भय व्यवहारात उरत नाही, आणि मुद्दाम तशी जुळवून आणण्याचा मार्गही आजवर कोणास सापडलेला नाही.

ह्याच खुणेने आज सॉफ्टवेअरची पॅकेजे ओळखिली जातात. डेबियन नावाची, स्वयंसेवकांनी चालविलेली, एक संगणकप्रणाली १९९३ पासून आहे. तिच्या भांडारात हजारो पॅकेजे असून प्रत्येकाची खूण एका यादीत लिहिलेली असते. आपला संगणक पॅकेज उतरवून घेतो, स्वतः त्याची खूण काढतो, व ती यादीशी ताडून पाहतो. जुळली तरच ते पॅकेज आत येऊ देतो. अमेरिकेत गेथर्सबर्ग येथे प्रमाणसंस्थेचे एक विलक्षण ग्रंथालय आहे. तेथे पुस्तकांऐवजी सॉफ्टवेअरच्या मूळ प्रती जपून ठेवितात, त्यांतील प्रत्येक फाईलची खूण काढितात व त्या खुणांची यादी सर्वांस खुली करितात. एखाद्या गुन्ह्याच्या तपासात संगणक जप्त झाला म्हणजे त्यात लाखो फाईली निघतात. त्यांतील ज्यांच्या खुणा ह्या यादीत सापडतात त्या ओळखीच्या म्हणून बाजूला ठेविता येतात, आणि तपासणाऱ्याचे लक्ष उरलेल्या थोड्या अनोळखी फाईलींवर राहते. कप्पा काढून पुस्तक शोधण्याची लून ह्यांची युक्ती येथे केवढ्या मोठ्या कामी आली आहे, हे वाचकांनी पाहावे.

परंतु ह्या खुणेचाही अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. खूण जुळली ह्याचा अर्थ एवढाच की, ही फाईल अगदी तीच आहे. ती चांगली आहे असे त्यावरून सिद्ध होत नाही. तसेच खूण यादीत नसली म्हणजे फाईल दुष्टच असली पाहिजे, असेही नाही. कालच तयार झालेले निर्दोष सॉफ्टवेअरही यादीस अनोळखीच असणार. शिवाय खुणा काढण्याच्या रीतीही जुन्या होतात. २००४ मध्ये वांग श्याओयुन ह्या चिनी गणितज्ञ बाईंनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी एमडी-५ मध्ये दोन भिन्न मजकुरांची खूण एकच आणून दाखविली. २०१२ मध्ये उघडकीस आलेल्या फ्लेम नावाच्या घातक सॉफ्टवेअरने ह्याच दुबळेपणाचा फायदा घेऊन मायक्रोसॉफ्ट कंपनीचा खोटा दाखला वापरिला होता. शा-१ नावाच्या रीतीचीही २०१७ मध्ये तीच गत झाली. कुलूप जुने झाले की शहाण्या गृहस्थाने ते बदलावे, हाच येथे मार्ग आहे.

आणखी एक गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिनक्स मिंट नावाच्या संगणकप्रणालीच्या संकेतस्थळात चोर शिरले व खऱ्या फाईलऐवजी त्यांनी आपली दूषित फाईल मिळेल अशी व्यवस्था केली. हा प्रकार लक्षात येताच चालकांनी लोकांस खऱ्या फाईलींच्या खुणा कळविल्या, व आपापल्या प्रती ताडून पाहण्यास सांगितले. ज्यांनी ताडून पाहिले त्यांस खरे काय व खोटे काय हे समजले. परंतु विचार करा. जो चोर घरात शिरून फाईल बदलू शकतो, तो तेथेच भिंतीवर लिहिलेली खूणही बदलू शकणार नाही काय? म्हणून खूण कोणाच्या हातून आली हे पाहणे अवश्य असते, आणि म्हणूनच शहाणे लोक खुणांच्या यादीवर विश्वासू माणसाची सही घेऊन ठेवितात. ती सहीही गणिताचीच असून तिची नक्कल करिता येत नाही. गणित कितीही बिनचूक असले तरी शेवटी प्रश्न प्रामाणिक मनुष्याशी येऊन ठेपतो.

लून ह्यांच्या चरित्रापासून आमच्या विद्यार्थ्यांनी काय घ्यावे? पहिली गोष्ट ही की, कोणताही धंदा हलका नसतो व त्यात शिकलेले वाया जात नाही. छापखान्यातील अक्षरे, सैन्यातील संदेश, कापडातील धागे व रसायनांचे संकेत ह्या सर्वांतून ह्या पुरुषाने एकच शहाणपण वेचले. दुसरी गोष्ट ही की, मनुष्याकडून चूक होणारच हे त्याने नम्रपणे मान्य केले, व चुकणाऱ्यास दोष देत न बसता ती चूक वेळीच उघड होईल अशी योजना केली. शाळेतील मुलांनी उदाहरण सोडविल्यावर ताळा करून पाहण्याचा कंटाळा करू नये, असे शिक्षक नेहमी सांगतात. लून ह्यांचे अर्धे कार्य म्हणजे हा ताळाच होय.

पालकांसही आमची एक विनंती आहे. घरातील फोनवर व संगणकावर दररोज नवीन वस्तू येत असतात. मुले उत्साहाने त्या घेतात. तेव्हा नाव ओळखीचे दिसते एवढ्यावर विसंबू नये. ती वस्तू कोठून आली व तिची साक्ष कोण देतो, हे मुलांस विचारण्याची सवय लावावी. हीच परीक्षा त्यांस पुढे माणसांविषयी व ऐकलेल्या वार्तांविषयीही करावी लागणार आहे, आणि तिचा अभ्यास लहानपणीच झालेला बरा.

बार्मेन गावच्या ह्या मुद्रकपुत्राने अंकास खरे बोलावयास शिकविले. आमच्या शाळेतील मुलामुलींच्या हातूनही असेच एखादे निगर्वी व लोकोपयोगी कार्य घडो, एवढी इच्छा प्रकट करून आम्ही हे अल्प चरित्र येथे पुरे करितो.